एका कुंडीला एक नमो मारिया

आमच्या घरमालकीणबाई रोज सकाळी साडेसातला बाबागाडी ढकलत गल्लीत निघायच्या. गाडीत बाळ नसायचं, डेलियाच्या कुंड्या असायच्या. त्यांचं वय तेव्हा पासष्टीच्या पुढं. अंगात फुलाफुलांचा झगा, त्यावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, पायात रबरी स्लिपर. बोरीवली पश्चिमेच्या जुन्या गावठाणात त्यांचं कौलारू घर होतं आणि त्या घराच्या मागच्या खोलीत मी भाडेकरू होतो. ही गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. घराच्या पूर्वेला सात मजल्यांची नवी सोसायटी उभी राहिली होती आणि तिनं बाईंच्या ओट्यावरचं सकाळचं ऊन बंद करून टाकलं होतं. दुसऱ्या कुणी अर्ज केले असते, भांडण काढलं असतं. बाईंनी माळ्यावरून लेकीची बाबागाडी काढली, चाकांना खोबरेल लावलं आणि झाडांना उन्हाकडे न्यायला सुरुवात केली. साडेसातला विहिरीपाशी, नऊला क्रुसापाशी, साडेदहाला गुजराती वाण्याच्या दुकानासमोर. वाणी गिऱ्हाइकांना सांगायचा, "जरा बाजूला व्हा ना, आंटीच्या बाळांना ऊन लागू द्या."

मीही पहिल्या दिवशी त्यांना आंटीच म्हणालो. ख्रिस्ती बायकांना आंटी म्हणतात असं मला ऑफिसातल्या एका शहाण्यानं सांगितलं होतं.

"आंटी कोनाला बोलतंस रं?" त्या म्हणाल्या. "मी काय आगबोटीतनं उतरलंय? आमी इथलेच. मावशी बोल."

मग मी मावशी म्हणू लागलो. त्यांच्या घरात बोलणं मराठी, प्रार्थना मराठी, आणि भांडण तर इतकं अस्सल मराठी की आमच्या राजापूरच्या बाजारात सहज खपून गेलं असतं. मी राजापूरचा हे मात्र त्यांनी कधी मान्य केलं नाही. पनवेलच्या पलीकडे जे काही आहे ते सगळं मालवण, असा त्यांचा भूगोल होता.

"मालवण्या, जेवलास का?"

"मावशी, राजापूर."

"तेच ते. जेवलास का?"

घरात भिंतीवर एक घड्याळ होतं, पण त्याला कुणी चावी देत नसे. मावशी वेळ मोजायच्या ती ‘नमो मारिया’नं. ही त्यांची मारियामातेची छोटी प्रार्थना. चहा उकळायला सात नमो मारिया, अंडं उकडायला वीस. त्या स्टोव्हसमोर उभ्या राहून पुटपुटायच्या आणि बरोबर विसाव्याला अंडं बाहेर काढायच्या. ते अंडं कधी कच्चं निघालं नाही. मी एकदा माझं मनगटी घड्याळ पुढं केलं तर म्हणाल्या, "त्याला चावी द्यावी लागते. नमो मारियाला लागत नाय."

नवरा जाऊन तीन वर्षं होत आली होती. तो वांद्र्याला एका बंगल्यावर माळी होता आणि डेलियाचे कंद त्यानंच कधीतरी तिथून आणलेले. चाळीस वर्षांचा संसार म्हणजे मावशींच्या सांगण्यावरून एकच लांबलेला वाद होता. सुकटीत चिंच की कोकम, पंखा तीनवर की चारवर, लेकीचं लग्न आधी की घराची कौलं आधी. "एकदा पन मी त्याला ‘तुजं खरं’ बोललेलं नाय," हे त्या, लोक मुलाची पदवी सांगतात तशा अभिमानानं सांगायच्या.

शेवटचा वाद डेलियाचा. नवऱ्याचं म्हणणं, मुंबईत डेलिया नाताळाच्या आधी फुलत नाही. त्यांच्याकडे तो दरवर्षी नाताळाला किंवा त्यानंतरच फुलायचा. मावशी म्हणाल्या, मी आधी फुलवून दाखवते. तो म्हणाला, पैज? त्या म्हणाल्या, पैज. तिसऱ्या दिवशी, भर जूनमध्ये, तो छातीत कळ येऊन गेला आणि पैज तशीच राहिली.

दुसरी कुणी बाई पैज विसरून गेली असती. मावशी विसरल्या नाहीत. त्यांना त्या पैजेचा निकाल नवऱ्याला दाखवायचा होता, आणि तो दोन नोव्हेंबरलाच दाखवायचा होता. दोन नोव्हेंबर हा त्यांच्यात मृतांचा दिवस. सगळं गावठाण दफनभूमीत जातं, कबरी धुतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. मावशींचं म्हणणं असं की, मेलेली माणसं वर्षभर निजलेली असतात आणि त्या एका दिवशी जागी असतात, तेव्हा काय सांगायचं ते त्याच दिवशी सांगून घ्यायचं. हे त्यांच्या फादरना ठाऊक होतं की नाही ते मला माहीत नाही.

पहिल्या वर्षी सगळी रोपं पावसात कुजली. दुसऱ्या वर्षी दोन नोव्हेंबरला कळ्या हरभऱ्याएवढ्या होत्या, आणि पुढं त्या न उमलताच गळून पडल्या. मी आलो ते तिसरं वर्ष, आणि तेच शेवटचं होतं. दफनभूमीत जागा कमी, त्यामुळं काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कप्प्यात ठेवायची तिथं पद्धत होती. मावशींच्या नवऱ्याची पाळी येत्या जानेवारीत होती.

"भिंतीत फूल ठेवायला जागा नाय," मावशी म्हणाल्या. "आनि तिथं सगळे खेटून. नवरा-बायकोचं काय बोलायचं असंल तर बोलता येत नाय."

म्हणून त्या वर्षी कंद मे महिन्यातच पलंगाखालून बाहेर आले. फुलं संपली की कंद उकरून राखेत घालायचे आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यात भरून पलंगाखाली सरकवायचे, अशी त्यांची रीत. ते कंद दिसायला थेट रताळी. मेच्या अखेरीला ते ओल्या वाळूवर मांडले की डोळे फुटून कोंब वर येतात. एक कंद लावला तर एकच झाड, पण त्याच्या कोंबांच्या काड्या लावल्या तर सात-आठ. कोंब बोटभर झाला की नवऱ्याच्या दाढीच्या ब्लेडनं कापायचा, आणि तो पानांची जोडी फुटते त्या गाठीच्या बरोबर खाली. फार जाडा कोंब घ्यायचा नाही, तो आतून पोकळ असतो. पेन्सिलीएवढा हवा. खालची पानं काढून काडी धुतलेल्या वाळूत खोचायची आणि वर लोणच्याची बरणी पालथी घालायची. पंधरा-वीस दिवसांनी काडी हळूच ओढून बघायची. तिनं ओढू दिलं नाही, तर मूळ धरलं.

हे सगळं त्या ओट्यावर बसून करत होत्या आणि मी चहाचा कप घेऊन उभा होतो. तिथं गप्प राहिलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी म्हणालो, "आमच्याकडे हापूसची दीडशे कलमं आहेत."

मावशींचा हात थांबला. "तुमची?"

"आमचीच. लहानपणापासून तेच बघत आलो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. दीडशे कलमं होती आणि मी ती बघत आलो होतो. बांधलेलं मात्र एकही नव्हतं. वडील आणि काका कलमं बांधायचे, आणि माझ्याकडे त्यांना बागेत जेवण पोचवायचं काम होतं, तेही भाकऱ्यांचा आकडा वाटेत कमी होतो म्हणून पुढं बहिणीकडे गेलं.

"मंग तुज्या हाताला गुन हाय," मावशी म्हणाल्या आणि ब्लेड माझ्या हातात दिलं. त्या दिवसापासून मी त्यांचा बागाईतदार झालो. ऑफिसात मला स्टेपलर मिळत नव्हता, इथं एकदम एवढा मान. मी पुस्तकात वाचल्यासारखं बोलायला लागलो. ‘मातीचा पोत’ हा शब्द मी त्या महिन्यात निदान तीस वेळा वापरला असेन.

माझी खरी लायकी त्यांना लवकरच कळायला हवी होती. काड्यांना स्वच्छ वाळू लागते म्हणून एका रविवारी मी आपण होऊन होडीनं खाडी पार करून गोराईला गेलो आणि किनाऱ्यावरची पिशवीभर वाळू खांद्यावर टाकून आणली. पांढरी, बारीक, शिंपल्यांचा चुरा असलेली. मावशींनी तिची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"मालवण्या, मीठ आनलंस. यात बोंबील घालून सुकवू काय?"

कोकणात जन्म काढलेल्या माणसाला समुद्राची वाळू खारट असते हे बोरीवलीत येऊन शिकावं लागलं. तरी मावशींचा विश्वास ढळला नाही. दीडशे कलमांचं वजन त्या एका पिशवीपेक्षा जास्त भरलं असावं.

दहातल्या नऊ काड्या लागल्या. ऑगस्टअखेर कुंड्यांमधून नऊ झाडं वीतभर उंच उभी होती, पानं काळपट हिरवी, देठ ताठ. पाऊस आला की मावशी बाबागाडीवर छत्री बांधायच्या. बाकी वर्षांपेक्षा यंदा झाडं महिनाभर पुढं होती. त्या बोटांवर आठवडे मोजायच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटाला पोचल्या की हसायच्या. मला म्हणाल्या, "ह्या वर्साला त्याचं तोंड बगायला पायजे."

सप्टेंबरात उत्तनला त्यांची बहीण विहिरीवर पाय घसरून पडली. मावशींना आठ दिवस जाणं भाग होतं. निघताना त्यांनी मला ओट्यावर उभं केलं, हातात चहाची जुनी किटली दिली. झारीपेक्षा किटलीची धार बारीक, म्हणून त्या पाणी किटलीनंच घालायच्या.

"रोज सकाळी. एका कुंडीला एक नमो मारिया. भरभर नाय, रडत नाय."

"मावशी, मला ती येत नाही."

शिकवायला वेळ नव्हता, बस निघाली असती. "मंग तुज्या देवाची बोल. एकच. देवाला सगळं सारखं."

देवाला सारखं असेलही. पण त्यांची नमो मारिया एका दमात संपते, आणि आमच्या गणपतीच्या आरतीला, आमच्या घरच्या चालीवर, पाच मिनिटं लागतात. हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला माहीत असून सुचलं नाही.

त्या वर्षी मला गणपतीला रजा मिळाली नव्हती. जन्मात पहिल्यांदा चतुर्थीला मी घरी नव्हतो. सकाळी आंघोळ करून, ओला टॉवेल खांद्यावर टाकून, किटली घेऊन ओट्यावर आलो आणि पहिल्या कुंडीवर धार धरून आरती सुरू केली. आमच्यात आरती एकदा सुरू केली की मधे सोडत नाहीत. सोडली तर आई पुढच्या चतुर्थीपर्यंत बोलते. शिवाय आमची कोकणी चाल, दर ओळीला हेल काढून. एका कुंडीला किटली तीनदा भरावी लागत होती. तिथंच कुणाही माणसाला शंका आली असती. मला भक्तीचं भरतं आलं. तिसऱ्या कुंडीला घरी गणपतीवर टांगतात त्या माटोळीच्या फळा-पानांचा वास नाकात आला, चौथ्या कुंडीला डोळे भरून आले, आणि मी आणखी मनापासून ओतत राहिलो.

वाणी दुकानातून बघत होता. "काय भाई," तो म्हणाला, "बाळांना बुडवणार काय?"

"तुम्ही तूरडाळ बघा," मी त्याला सांगितलं. "आमची दीडशे कलमं आहेत."

चौथ्या दिवशी झाडांनी माना टाकल्या. मला वाटलं, तहान. मग संध्याकाळची आरती सुरू केली. गणपतीत घरी आरती दोन्ही वेळा असतेच, त्यामुळं मला ते शास्त्राला धरून वाटलं. सहाव्या दिवशी पानं पिवळी पडली. सातव्या दिवशी देठ मातीपाशी काळे आणि मऊ झालेले दिसले. मी एक झाड हळूच ओढून बघितलं. त्यानं काही हट्ट केला नाही, अलगद हातात आलं. मूळ म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसता कुजका वास. मग मी दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. शेवटी हातात आठ मेलेली झाडं घेऊन ओट्यावर बसून राहिलो.

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन. त्यांनी टोपली उतरवली, रिकाम्या कुंड्या बघितल्या आणि ओट्याच्या कडेला बसल्या.

"किती घातलंस?"

"एका कुंडीला एक. तुम्ही सांगितलं तसं."

"बोलून दाखव."

मी उभा राहिलो. आरती म्हणायला लागलो की माझे हात आपोआप टाळ्या वाजवतात, तसे ते वाजायला लागले. पहिल्या कडव्याला मावशी माझ्याकडे बघत होत्या. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. मी थांबलो.

"आजून हाय?"

"एक कडवं आहे."

"बोल."

त्यांनी मला ते संपवायला लावलं. माझ्या टाळ्या सबंध गल्लीत ऐकू जात होत्या. संपल्यावर त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या बाईचं काय घालवलं होतं ते मला त्या बंद दारासमोर कळलं आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की संध्याकाळी जेवायला बाहेर पडण्याचा धीर झाला नाही.

नववं झाड त्यांनाच सापडलं. मागचं दार वाऱ्यानं आपटायचं म्हणून मी एक कुंडी उचलून दाराला लावली होती आणि साफ विसरलो होतो. आठ दिवसांत तिला थेंबभर पाणी मिळालं नव्हतं. पानं गळली होती, पण शेंड्याला हिरवं होतं. माझ्या ताब्यात जी आठ झाडं होती ती मेली आणि जिचा मला विसर पडला ती जगली. पण आता ती मागं पडली होती. नोव्हेंबरात तिला फूल येणं शक्य नव्हतं, हे मलासुद्धा कळत होतं.

पुढचे सहा आठवडे मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे नळाला पाणी आलं, पोस्टमन येऊन गेला, एवढं सांगायच्या. ‘जेवलास का’ बंद झालं. बाबागाडी रोज निघायची, तिच्यात एकच कुंडी. मी रविवारी जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंत जेवढ्या रोपवाटिका होत्या तेवढ्या पालथ्या घातल्या. फुललेला डेलिया कुठं मिळतो का, दोन नोव्हेंबरच्या आत, कुठल्याही रंगाचा. सगळे हसले. एक भय्या म्हणाला, "साहब, बंबई में डेलिया बड़े दिन के पहले नहीं होता." बडा दिन म्हणजे नाताळच. मेलेल्या नवऱ्याच्या बाजूनं साक्षीदार गोळा करत मीच गावभर फिरत होतो.

दोन नोव्हेंबरला दुपारी मावशींनी माझ्या दारावर थाप मारली. "धुतलेला शर्ट घाल. चल."

दफनभूमीत गर्दी होती. झेंडू, शेवंती, मेणबत्त्यांचा वास, धुतलेल्या कबरींवरून वाहणारं पाणी. मी सवयीनं फाटकातच चपला काढल्या आणि मग बघतो तर सगळे बूट घालून. परत जाऊन घालणं बरं दिसेना म्हणून अनवाणीच मावशींच्या मागं गेलो. नवऱ्याच्या कबरीवर एक लाकडी क्रूस होता. मावशींनी तिथं काहीच ठेवलं नाही, ना झेंडू, ना शेवंती. मेणबत्ती लावली आणि मला पुढं ढकललं.

"सांग त्याला."

"काय सांगू?"

"काय केलंस ते. आज जागा हाय तो."

आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी हसं करून घेतलं आहे, पण अनोळखी माणसाच्या कबरीसमोर अनवाणी उभं राहून कबुली देण्याचा तो एकच प्रसंग. मी घसा साफ केला. "काका, मी तुमचा भाडेकरू," मी म्हणालो. मग काड्यांचं सांगितलं, उत्तनचं सांगितलं, किटलीचं सांगितलं. शेजारच्या कबरीवरच्या दोन बायका फुलं लावायची थांबून ऐकायला लागल्या. आरतीपर्यंत आलो तेव्हा त्यातली एक तोंडावर पदर धरून हसत होती. "चूक माझी आहे," मी शेवटी म्हणालो. "मावशींची नाही. आणि ती कलमं माझ्या वडिलांनी बांधलेली आहेत."

ते शेवटचं वाक्य मी मावशींसाठी म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"ऐकलास?" त्या कबरीला म्हणाल्या. "मी हरलेलं नाय. ह्याच्या गनपतीनं पानी जास्त पाजलं. म्हंजे ही पैज धरायची नाय."

शेजारच्या बायका पुढच्या कबरीकडे गेल्या. फादर पाणी शिंपडत येऊन गेले. मेणबत्ती वाऱ्यानं कलली होती ती मावशींनी वाकून सरळ केली, आणि वाकलेल्याच असताना हळू म्हणाल्या, "बरं बाबा. तुजं खरं. जिंकलास."

मला रडू आलं. त्या बाईनं चाळीस वर्षांत जे एकदाही म्हटलं नव्हतं ते माझ्या मूर्खपणामुळं तिला म्हणावं लागलं, असं मला वाटलं. परतताना विहिरीपाशी त्यांनी विचारलं, "जेवलास का?" संध्याकाळचे पाच वाजले होते. मी नाही म्हणालो.

डिसेंबरात नवव्या झाडाला एक कळी आली. मावशींनी बाजूच्या बारीक कळ्या खुडून टाकल्या आणि ती एकटी ठेवली. नाताळाला चार दिवस राहिले असताना, सकाळी मी दात घासत ओट्यावर आलो तर फूल उमललेलं. ओंजळीएवढं, गडद किरमिजी. मी ब्रश तोंडात ठेवूनच ओरडलो, "मावशी! फुललं! जिंकलात! नाताळाच्या आधी!"

मावशी आतून धावत आल्या आणि मसाल्याच्या हातानं माझं तोंड दाबलं. "गप! हळू बोल!" दुसऱ्या हातानं कुंडी उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या, मला आत ओढलं आणि खिडकी लावून घेतली.

"अहो, पण पैज..."

"कसली पैज? नोव्हेंबरात त्याला काय बोललं ते ऐकलंस ना तू? चाळीस वर्सांत पयल्यांदा जिंकला बिचारा. आता काय परत घेऊ?"

"पण तो आता निजलेला आहे. तुम्हीच म्हणता."

"तो निजलाय. गावठान निजलंय काय? हितं कोन ना कोन मरतंच. तिकडं गेला की पयलं हेच सांगंल, तुजी बायको जिंकली म्हनून. आनि जानेवारीत तो भिंतीत जानार. तिथं बातमी लपते काय?"

चार दिवस ते फूल स्वयंपाकघरात राहिलं, अंधारात, मडक्याच्या शेजारी गारव्याला. बाबागाडी त्या दिवसांत निघाली नाही. वाण्यानं चौकशी केली, तर बाळाला सर्दी झाली आहे असं मावशींनी सांगितलं. माझ्याकडून त्यांनी मारियामातेच्या तसबिरीसमोर आणि माझ्या खोलीतल्या गणपतीच्या कॅलेंडरसमोर, अशी दोनदा शपथ घेतली.

नाताळच्या सकाळी ओट्यावर येशूच्या जन्माचा गोठा मांडलेला होता, गवत, मातीच्या गाई, मेंढ्या. मावशींनी नवा झगा घातला आणि कुंडी आणून गोठ्याशेजारी ठेवली. फूल एव्हाना थोडं उतरलं होतं, खालच्या पाकळ्या मागं वळल्या होत्या. चर्चमधून लोक यायला लागले. जो येईल तो विचारायचा, कधी फुललं? मावशी बाळ येशूच्या समोर उभ्या राहून, कपाळाला एक आठी न घालता सांगायच्या, "आज. सकाळी बगतंय तर फुललेलं." लोक माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचो. कुणी म्हणालं, तुझा नवरा म्हणायचाच ना, नाताळाच्या आधी नाही म्हणून. मावशी म्हणाल्या, "बोलायचा. खरं निघालं त्याचं."

शेवटी गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई आली, नव्वदीच्या पुढची, दोन नातींनी दोन बाजूंनी धरलेली. तिला दिसायचं थोडं, ऐकू यायचं त्याहून थोडं, आणि त्या पावसाळ्यात दोनदा तिच्यासाठी फादरना अखेरच्या प्रार्थनेला बोलावून झालं होतं. मावशी लगबगीनं पुढं झाल्या. तिला हात धरून त्यांनी डेलियाच्या अगदी समोर बसवलं, तिचा हात फुलावर ठेवला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, सबंध गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, आज फुललाय! नाताळाला! नीट ध्यानात ठेव!"